एसटीएल की स्टेप: व्हेंडरला नेमकी कोणती फाइल द्यायची

स्वतःचं प्रॉडक्ट काढायला निघालेली पुण्यातली बरीच मुलं पहिला पार्ट थ्रीडी प्रिंट करून बघतात. तो छान येतो. मग प्रिंटरला दिलेली तीच एसटीएल फाइल भोसरीच्या व्हीएमसीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने धातू कापून पार्ट बनवणाऱ्याला, व्हॉट्सअॅपवर जाते. तिकडून उत्तर येतं, ‘स्टेप पाठवा’, म्हणजे कॅडमधल्या सॉलिड पार्टची फाइल. मग कुठल्यातरी ऑनलाइन कन्व्हर्टरमधून एक ‘स्टेप’ काढून पाठवली जाते आणि पुढचे कितीतरी दिवस नुसती फोनाफोनी. व्हेंडर अडवणूक करतोय असं मुलांना वाटतं. त्याची काहीही चूक नसते.

एसटीएल म्हणजे पार्टचा पृष्ठभाग दाखवणारी त्रिकोणांची जाळी, १९८७ पासून चालत आलेली. तिच्यात एकक नसतं, त्यामुळे इंचात काढलेला पार्ट समोरच्याकडे २५.४ पट लहान उघडू शकतो. स्केल केलं की हा प्रश्न मिटतो, त्यावर वाद घालत बसू नये.

खरी गोम गोलाईत आहे. समजा, हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) ६२०२ बेअरिंगसाठी ३५ मिमीचं बोअर, म्हणजे गोल भोक, आहे. स्टेप फाइलमध्ये तिथे खराखुरा दंडगोल असतो; अक्ष कुठे आहे आणि त्रिज्या १७.५, हे त्यात लिहिलेलं असतं. एसटीएलमध्ये वर्तुळ नावाची गोष्टच नाही. एक्सपोर्ट करताना ३६ बाजू पडल्या, तर बोअरच्या आत ३६ सपाट पट्ट्या असतात. त्यांचे कोपरे ३५ च्या वर्तुळावर बसतात, पण समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर भरतं ३४.८७. म्हणजे ०.१३ मिमी कमी. आणि बोअरला एच७ (भोकाच्या मापात किती सूट चालेल ते सांगणारा ग्रेड) मागितलं असेल, तर एकूण सूट असते ०.०२५ मिमी! मशीन सुरू व्हायच्या आधीच फाइल त्याच्या पाचपटीहून जास्त चुकलेली आहे. प्रिंटमध्ये हे खपून जातं, बेअरिंग घट्ट बसलं तर आपण आतून पॉलिश पेपर मारतो. अॅल्युमिनियमच्या जॉबमध्ये तसं चालत नाही.

‘मग रिझोल्यूशन वाढवतो’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. चूक कमी होते, फाइल जड होते, पण अक्ष काही मिळत नाही. बोअरिंगची सायकल (भोक नेमक्या मापाला आणणारा मशीनचा तयार प्रोग्राम) लावायला प्रोग्रामरला सेंटर आणि व्यास हवा असतो. त्याला हजारो त्रिकोण देऊन उपयोग नाही. त्याला अख्खा पार्ट नव्याने काढावा लागतो आणि त्याचे पैसे तो कोटेशनमध्ये लावतो. लावायलाच हवेत.

कन्व्हर्टरची स्टेप तर त्याहून वाईट. तिच्यात प्रत्येक त्रिकोण एक सपाट फेस म्हणून जसाच्या तसा येतो, फक्त नाव बदलतं. तपासणं सोपं आहे: फाइल फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि बोअरच्या आत क्लिक करा. गोल भिंत सलग किंवा फार तर दोन अर्ध्या भागांत निवडली गेली तर फाइल खरी. एक अरुंद पट्टी किंवा त्रिकोण उजळला, तर ती पाठवू नका.

म्हणूनच मशीनवर जाणारा पार्ट ब्लेंडरमध्ये काढू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्लेंडर मुळात जाळीचंच सॉफ्टवेअर आहे. फ्रीकॅड फुकट आहे, त्यात पहिल्या दिवसापासून सॉलिड काढा, एसटीएल त्यातून कधीही निघते.

रंग, फाइलचा आकार हे फरक किरकोळ आहेत. मात्र साध्या स्टेपमध्येही तुमचं एच७ लिहिलेलं नसतं, त्यामुळे सोबत टॉलरन्स टाकलेलं पीडीएफ ड्रॉइंग द्याच. शिवाय स्केच आणि फीचर ट्री (पार्ट कोणत्या पायऱ्यांनी काढला त्याची यादी) स्टेपमध्ये येत नाही. उद्या ६२०२ ऐवजी ६२०३ बसवायचं ठरलं, तर ३५ चं ४० करायला तुमची मूळ फाइलच लागेल. ती जपून ठेवा.