स्टार्टरच्या पेटीतली पाल

कवेलूच्या घरात, कोठ्यात, शेतातल्या पंपघरात बल्बाजवळ दिसणारी जाडसर, पिवळ्या पोटाची पाल बहुतेक वेळा हेमिडॅक्टायलस फ्लॅविव्हिरिडिस असते. 1835 मध्ये एडुआर्ड रूपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राकाठच्या मसावा इथल्या नमुन्यावरून तिला हे नाव दिलं.

तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस. हे केस भिंतीला इतके टेकतात की रेणूंमधलं आकर्षणच तिला धरून ठेवतं. ना डिंक, ना हवेची चूषणी. म्हणूनच पंपाची मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरची पत्र्याची गुळगुळीत पेटीही तिला चढता येते.

ती पेटीत जाते ती उबेसाठी, किड्यांसाठी आणि लपायला. शरीराची उष्णता ती स्वतः तयार करत नाही, तापलेल्या जागेला चिकटून घेते. मोटर चालू असली की स्टार्टरमधली कॉइल गरम असते. त्यात पेटीवरच बल्ब असेल तर पाखरं आयती मिळतात. शेतीची वीज रात्री येते, त्या रात्रीच्या लाईनला पाल नेमकी जागी असते. ती कॉन्टॅक्टच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या टोकांच्या, फटीत सापडली तर तीनपैकी एक फेज (विजेची तार) नीट जुळत नाही, मोटर नुसती घूं घूं करते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग) बरोबर लावलेला नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळतं. दोन फेजना अंग लागलं तर शॉर्ट होऊन फ्यूज जातो. पाल तर मरतेच.

पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टरने तिन्ही तारा तपासा. मेलेली पाल कोरड्या ब्रशने काढा, पाणी लावू नका. चांदीचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, त्याने ते लवकर झिजतात. केबलच्या भोकात रबरी ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बसवा, रिकामी भोकं एम-सीलने बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून पिल्लू आत शिरतं. बल्ब पेटीपासून दूर, दुसऱ्या भिंतीवर लावा.

तिला विष नाही. अन्नात पडली तर ते फेकावं, कारण तिच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. एरवी पंपघरातले डास, पाखरं, झुरळं ती खातेच, तिला मारायचं कारण नाही.

मादी एका वेळी दोन अंडी घालते. घालताना ती मऊ, चिकट असतात, मग खडूसारखी कडक होतात. झाकणाला चिकटलेली खरवडली की फुटतात. म्हणून फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरून पाली हिंडू लागल्या की, आधी पेटी रिकामी आहे ना ते बघा आणि मगच भोकं बुजवा.