मोदक (देवनागरी फाँट)

मोदक हा देवनागरी आणि रोमन अक्षरांचा, एकाच जाडीत मिळणारा गुबगुबीत डिस्प्ले फाँट, म्हणजे मोठ्या आकारातल्या मोजक्या शब्दांसाठीचा फाँट आहे. ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या गटातील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला; नूपुर दात्ये आणि गिरीश दळवी यांचे त्यांना साहाय्य झाले. अक्षरे आधी हाताने रेखाटली गेली, मग ती संगणकावर उतरली. २०१५ पासून हा फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य उपलब्ध आहे.

देवनागरीतला तोवरचा सर्वांत जाड फाँट, असे त्याचे वर्णन निर्मात्यांनी केले आहे. अक्षरे इतकी फुगवलेली की आतल्या पोकळ्या मिटत येतात आणि केसाएवढ्या फटी तेवढ्या उरतात. वाचणाऱ्याची सारी भिस्त या फटींवर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक मुळातच थोडा. एवढ्या जाडीत तो टिकवायचा तर फट नेमक्या जागीच हवी. ‘राष्ट्र’ लिहिताना ‘ष’, ‘ट’ आणि ‘र’ एका अक्षराच्या जागेत बसवायचे, तरीही फटींची रुंदी शेजारच्या ‘रा’सारखीच दिसली पाहिजे. मोदकमध्ये ती दिसते. खेळकर दिसणाऱ्या या अक्षरांमागची शिस्त इथे कळते.

वेलांटीचे काम तर मुद्दाम मोठ्या आकारात पाहावे. ऱ्हस्व वेलांटीची कमान अक्षराच्या दांड्यापर्यंत पोहोचायला हवी. ‘वि’मध्ये हे अंतर थोडे, ‘क्षि’मध्ये बरेच. धातूच्या खिळ्यांच्या छपाईत मोजक्याच मापांच्या वेलांट्यांवर भागवावे लागे, त्यामुळे कमान कधी आखूड पडे, कधी पुढे जाई. मोदकमध्ये प्रत्येक अक्षराच्या रुंदीला जुळणारी वेलांटी आपोआप निवडली जाते.

बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईचा खोका, बालनाट्याचे पोस्टर अशा ठिकाणी दोन-चार शब्दांसाठी हा फाँट उत्तम. परिच्छेदासाठी तो वापरूच नये: लहान आकारात, विशेषतः शाई शोषणाऱ्या कागदावर, फटी भरून जातात आणि जोडाक्षरांचे गोळे होतात. मजकुरासाठी याच गटाचा ‘मुक्त’ नावाचा फाँट आहे.

मोदक युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतप्रणालीत असल्याने जुन्या डीटीपी (संगणकावरील पानमांडणीच्या) फाँटमधला मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी सेटिंगमधून निवडावी लागते, नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. ओपन फाँट लायसन्समुळे व्यावसायिक कामातही तो विनाशुल्क वापरता येतो आणि त्यात बदलही करता येतात. मात्र नुसता फाँट विकता येत नाही.