क्लंबर स्पॅनियल : संगोपन आणि सहवास

क्लंबर म्हणजे स्पॅनियल या शिकारी कुत्र्यांच्या कुळातली सर्वांत वजनदार आणि सर्वांत शांत जात. मूळ इंग्लंडचे. आपल्याकडे स्पॅनियल म्हटले की कॉकर डोळ्यांसमोर येतो : लांब कानांचा, शेपूट हलवत राहणारा, दारावरची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी पोचणारा. क्लंबर त्याचाच भाऊबंद, पण वळण अगदी निराळे. तो धावत येत नाही, डुलत चालत येतो, भुंकतो क्वचितच, आणि पाहुणा ओळखीचा निघाला की घरातली एखादी चप्पल तोंडात धरून त्याच्यासमोर उभा राहतो.

उंची खांद्यापाशी साधारण ४३ ते ५१ सेंमी., म्हणजे मध्यम. वजन मात्र २५ ते ३८ किग्रॅ. पाठ लांब, पाय आखूड व जाड हाडांचे, छाती रुंद, डोके मोठे आणि चौकोनी. अंगावर दाट, रेशमी, पांढरे केस. कानांवर व डोळ्यांभोवती लिंबू किंवा नारिंगी रंगाचे डाग, नाकाडावर त्याच रंगाचे ठिपके. आयुष्य बहुधा १० ते १२ वर्षे.

नाव आले ते इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील क्लंबर पार्क या जहागिरीवरून. वर्क्सॉप गावाजवळची ही जहागीर न्यूकॅसलच्या ड्यूक घराण्याची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत द नोआय या फ्रेंच सरदाराने आपली कुत्री सुरक्षित राहावीत म्हणून इंग्लंडला ड्यूककडे पाठवली आणि त्यांच्यापासून ही जात झाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा सुरस आहे, पण तिला पुरावा नाही. उलट फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराने १७८८ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या आदल्याच वर्षी, दुसऱ्या ड्यूकचे शिकारीहून परततानाचे चित्र रंगवले आणि त्यात अशीच पांढरी, जड बांध्याची स्पॅनियल कुत्री आहेत. जात घडवण्याचे श्रेय ड्यूकचा शिकारराखा विल्यम मॅन्सेल याला दिले जाते. पुढे ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याने सँड्रिंगहॅम या राजघराण्याच्या जहागिरीत क्लंबर पाळले. पहिल्या महायुद्धात संख्या फार घटल्यावर पाचव्या जॉर्जने तिथेच त्यांची पैदास पुन्हा वाढवली. जहागिरीतला वाडा १९३८ मध्ये पाडला गेला. उद्यान मात्र १९४६ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि लिंबाची (म्हणजे आपले लिंबू नव्हे, युरोपातल्या लाइम वृक्षांची) तीन किलोमीटरांहून लांब दुतर्फा रांग तिथे आजही उभी आहे.

क्लंबरच्या शांतपणाचे मूळ त्याच्या कामात आहे, आणि हे समजल्याशिवाय त्याला नीट वाढवता येत नाही. दाट काटेरी जाळीत दडलेले फेझंट पक्षी उठवायला हाकारे लावतात, तसे हे कुत्रे एकेकटे किंवा गटाने जाळीत सोडत. काम मुकाट्याने करायचे. आवाज झाला तर पक्षी बंदुकीच्या टप्प्याबाहेरच उडून जाणार. म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड झाली ती न भुंकणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या, जमिनीला नाक लावून इंचइंच हुंगत जाणाऱ्या कुत्र्यांची. वेगात स्प्रिंगर स्पॅनियलने त्याला कधीच मागे टाकले आणि शिकारीच्या मैदानातून तो बराचसा हटला. पण नाक, चिकाटी आणि काटेरी रानात घुसण्याची ताकद त्याच्यात अजून शाबूत आहे. त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. दुपारभर दिवाणखान्यात घोरणारा क्लंबर संध्याकाळी ओल्या गवतात एखादा वास लागला की तासभर मान वर करत नाही आणि तेव्हा हाका मारून काही उपयोग होत नाही. मोकळ्या जागी, रस्त्याजवळ त्याला पट्ट्याविना सोडू नये, याचे कारण हेच.

पिल्लू आठ आठवड्यांचे होऊन घरी येते तेव्हा ते जवळजवळ पूर्ण पांढरे, गुबगुबीत असते. नाकावरचे ठिपके पुढच्या काही महिन्यांत उमटत जातात. वजन भराभर वाढते, आणि पहिली मोठी चूक इथेच होते. गोंडस, भुकेले पिल्लू समोर आले की हात सैल सुटतो. क्लंबरमध्ये खुब्याच्या सांध्याचा डिस्प्लेसिया, म्हणजे खोबणीत हाड नीट न बसण्याचा दोष, फार आढळतो. कोपराचा दोषही आढळतो. आनुवंशिक कल बदलता येत नाही, पण त्याचा त्रास किती होईल हे वाढीच्या काळातल्या वजनावर बरेच ठरते. लॅब्रेडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात एकाच वेतातल्या कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलेले कुत्रे सरासरीने सुमारे दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. क्लंबरसारख्या जड जातीच्या मालकाने हा निष्कर्ष स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, हे माप. खाणे मोजून, ठरलेल्या वेळी; वरून कॅल्शियमच्या गोळ्या नकोत, कारण मोठ्या हाडाच्या पिल्लांत जादा कॅल्शियम हाडांची वाढच बिघडवते.

पहिले वर्ष-दीड वर्ष जिन्याची चढउतार, सोफ्यावरून उड्या, गुळगुळीत फरशीवरची पळापळ शक्य तेवढी टाळावी. पिल्लाला उचलून घेता येते तोवर उचलावे. पंधरा-वीस किलोंचे झाल्यावर ते जमत नाही, म्हणून जिन्यापाशी आडवे फाटक लावणे सोपे. फिरणे मात्र हवेच : थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, मऊ जमिनीवर. पाणी बहुतेकांना आवडते आणि पोहण्यात सांध्यांवर भार येत नाही.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाने जे पाहिले-ऐकले ते पुढे आपलेसे वाटते. क्लंबर अनोळखी माणसांशी थोडा राखून वागतो. या काळात माणसे, मुले, वाहने, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या यांची सवय झाली नाही, तर हा राखीवपणा भित्रेपणात बदलतो. आवाज चढवून शिकवणे या जातीला मानवत नाही. रागावले की तो पाठ फिरवतो, जाऊन बसतो आणि मग त्या दिवशी काहीही करत नाही. खाऊचा लहानसा तुकडा, मऊ सूर, पाच मिनिटांचा धडा, एवढ्यावर तो मनापासून शिकतो. त्याच्या हट्टाबद्दल पुष्कळ तक्रारी ऐकू येतात. मला तो हट्ट विचारासारखा वाटतो. सांगितलेली गोष्ट त्याने ऐकलेली असते, फक्त करायची की नाही ते ठरवायला त्याला वेळ लागतो.

तोंडात वस्तू धरून मिरवणे हा त्याचा खरा आनंद. मोजे, उशीचा अभ्रा, रिमोट, कधी अंगणातला दगडही. धोका असा की काही क्लंबर वस्तू गिळतात आणि आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागते. हिसकावून घेतले तर तो पुढच्या वेळी लपून, घाईने गिळतो. म्हणून लहानपणापासून अदलाबदल शिकवावी : तू मोजा दे, मी खाऊ देतो. कपाटे व कचऱ्याचा डबा नाकाने, पंजाने उघडण्यात ही जात तरबेज आहे. साध्या झाकणाचा डबा तिच्यापुढे टिकत नाही.

घर स्वच्छ ठेवण्याची ज्यांना फार हौस आहे त्यांनी आधीच विचार करावा. केस बारमाही गळतात, पाणी पिऊन आल्यावर लाळेची माळ जमिनीवर उमटते, आणि घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते. आठवड्यातून तीन-चार वेळा ब्रश, पंजांच्या बोटांमधले केस कापणे, आणि लोंबत्या कानांची आतून तपासणी हे नित्यकर्म. पोहल्यावर कान कोरडे केले नाहीत तर संसर्ग ठरलेलाच. उकाडा त्याला अजिबात सोसत नाही; इंग्लंडच्या उन्हाळ्यातसुद्धा त्याला दुपारी बाहेर काढत नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात किंवा मुंबईच्या दमटपणात ही जात हौसेने आणणे मला योग्य वाटत नाही. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र तो लहान मुलांच्या घरात चांगला सोबती ठरू शकतो.

मोठे डोके आणि सैल कातडी यांमुळे डोळ्यांना त्रास होतो. पापणी आत वळली तर केस बुबुळाला घासतात, बाहेर लोंबली तर आतली लाल त्वचा उघडी पडून धूळ बसते. केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या जुन्या प्रमाणकात (जातीचे कुत्रे कसे असावे याच्या वर्णनात) खालची पापणी थोडी उघडी दिसणे चालत असे, आणि प्रदर्शनांतल्या पसंतीने जड डोके, लोंबते डोळे यांना वर्षानुवर्षे खतपाणी घातले. १९९१ मध्ये ब्रिटनचे क्रफ्ट्स आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर या कुत्र्यांच्या दोन्ही नामांकित प्रदर्शनांत क्लंबर सर्वश्रेष्ठ ठरला होता. पण २०१२ साली क्रफ्ट्समध्ये काही जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासणी सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी नापास झालेल्या सहा विजेत्यांत क्लंबर होता. मोठा गदारोळ झाला. माझ्या मते तो निर्णय कुत्र्यांच्या बाजूचा होता. हलके डोके, घट्ट पापण्या आणि चपळ चाल असलेले क्लंबर निवडण्याकडे अनेक पैदासकार त्यानंतर वळले. कामासाठी पैदास करणाऱ्यांनी ते आधीपासूनच जपले होते.

आणखी एक आजार या जातीत व ससेक्स स्पॅनियलमध्ये आढळतो : पीडीपी-१ या विकराची (एन्झाइमची) कमतरता. थोडे पळाले की कुत्रा कोसळतो, कारण पेशींना साखरेतून ऊर्जा काढता येत नाही. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि डीएनए तपासणीने वाहक (एकाकडूनच दोष आलेले, स्वतः आजारी नसलेले कुत्रे) ओळखता येतात. पिल्लू घेण्यापूर्वी आई-बापांचा हा अहवाल, खुब्याचे व कोपराचे एक्स-रे गुण आणि डोळ्यांचे प्रमाणपत्र पाहायलाच हवे. ब्रिटनमध्ये वर्षाला ३०० हून कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जातींना केनेल क्लब असुरक्षित मानतो; क्लंबर त्या यादीत आहे. त्यामुळे चांगल्या पैदासकाराकडे पिल्लासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. लगेच मिळणारे पिल्लू संशयाने पाहावे.

शांत कुत्र्याचे दुखणेही शांत असते. क्लंबर कण्हत नाही, लंगडणेही लपवतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकणे, गाडीत चढायला नकार, उठताना आधी पुढचे पाय ताणून थोडा वेळ तसेच राहणे, आवडती चप्पल दारापर्यंत न आणणे, ही लक्षणे. लांब पाठीमुळे मणक्याच्या चकतीचा त्रासही होतो. मागचे पाय ओढत चालला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. आठव्या-नवव्या वर्षानंतर फरशीवर सतरंज्या अंथराव्यात, गाडीला उतरती फळी लावावी, आणि पाण्याचे भांडे त्याला मान फार वाकवावी लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावे.