अंगण वाकडं की पाय?

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटचा विषय निघाला की "बिचारे, पावसानं घात केला" हे वाक्य ठरलेलं. पण वर्ल्डकपमध्ये पाऊस त्यांना गाजून नडला तो दोनदा, आणि त्या दोन पावसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक दुर्दैव, दुसरी गफलत. लोक दोन्ही एकाच गोणीत भरतात.

पहिला पाऊस सिडनीचा. 22 मार्च 1992, इंग्लंडविरुद्ध सेमीफायनल. 13 चेंडूंत 22 धावा हव्या असताना खेळ थांबला. खेळाडू परत मैदानात आले तेव्हा फलकावर होतं: 22 धावा, 1 चेंडू. (खरा हिशेब 21चा होता. त्या संध्याकाळी फलकसुद्धा चुकला.) तेव्हाचा नियम असा की जितकी षटकं बुडतील, तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटकं हिशेबातून काढायची. इंग्लंडच्या तशा दोन षटकांत मिळून एकच धाव निघाली होती. म्हणजे आफ्रिकेनं जी षटकं टिच्चून टाकली, तीच त्यांच्या अंगावर आली. मॅकमिलननं उरलेल्या चेंडूवर एक धाव काढली आणि 19 धावांनी हार झाली.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. तरी सगळं बिल पावसाच्या नावावर फाडता येत नाही. टॉस जिंकून आफ्रिकेचा कप्तान वेसल्सनं क्षेत्ररक्षण घेतलं होतं, आणि हा नियम नंतर खेळणाऱ्यालाच बुडवतो हे काही गुपित नव्हतं. शिवाय ठरल्या वेळेत आफ्रिकेची 45च षटकं टाकून झाली, त्यामुळे इंग्लंडची शेवटची पाच षटकं, म्हणजे हाणामारीचीच, गेली. रडगाण्यात हे कडवं कोणी म्हणत नाही.

दुसरा पाऊस डरबनचा, 3 मार्च 2003, समोर श्रीलंका. आता पावसात लक्ष्य नव्यानं ठरवायची डकवर्थ-लुईस पद्धत आलेली. प्रत्येक षटकाअखेर किती धावा असायला हव्यात, याचा छापील तक्ता ड्रेसिंग रूममध्ये. 45 षटकांना आकडा 229. तसा निरोप मैदानात गेला. मुरलीधरनच्या पाचव्या चेंडूवर बाऊचरनं षटकार मारला, 229 झाले, आणि सहावा चेंडू त्यानं शांतपणे थोपवला. पाऊस वाढला, खेळ तिथेच संपला. पण 229 हा बरोबरीचा आकडा होता. जिंकायला 230 हवे होते. यजमान संघ सुपर सिक्सच्या, म्हणजे पुढच्या फेरीच्या, आधीच बाहेर.

फरक ओळखायची माझी युक्ती अशी: पाऊस तसाच पडू द्या आणि विचारा, आपल्यापैकी कोणी काय वेगळं केलं असतं तर निकाल बदलला असता? सिडनीत पाऊस सुरू झाल्यावर ड्रेसिंग रूममधल्या कोणालाच काही करता येत नव्हतं. डरबनमध्ये कागद दुसऱ्यांदा वाचला असता तरी पुरलं असतं. आमच्या कॉलनीच्या टीममध्ये हा प्रश्न कोणी विचारत नसे. हरलो की टॉस, नाहीतर अंपायर, नाहीतर रबरी बॉल ओला.

खरी गोम ही की एकदा खरोखरच नशीब फिरलं की पुढच्या प्रत्येक चुकीला तेच पांघरूण मिळतं. याच्या उलटही होतं. डरबननंतर पोलॉकचं कर्णधारपद गेलं आणि 22 वर्षांच्या ग्रॅम स्मिथकडे संघ आला. कप्तान म्हणून जबाबदारी पोलॉकचीच, मान्य. पण त्या खोलीत तो एकटा बसला नव्हता. एकाच्या डोक्यावर खापर फुटलं की बाकीचे मोकळे होतात, हे मात्र मला पटत नाही.

आणि सिडनीत नशीबवान ठरलेल्या इंग्लंडचं काय? त्याच स्पर्धेत 1 मार्चला ॲडलेडला त्यांनी पाकिस्तानला 74 धावांत गुंडाळलं, तर पावसानं सामनाच धुऊन नेला आणि गुण वाटले गेले. पाकिस्तान एका गुणाच्या फरकानं सेमीफायनलला पोचलं आणि 25 मार्चला मेलबर्नला फायनल जिंकलं. समोर इंग्लंडच होतं. फरक 22 धावांचा.