चाक जाम होतंय, मग गाडी नापास कशी?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला टेम्पोवाला पोरगा संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला, तोंड पाडून. मार्केट यार्डातून भाजी आणि गूळ वाहणारा त्याचा छोटा चारचाकी टेम्पो पासिंगला नापास झाला होता. पीयूसी होती, विमा होता, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या होत्या, दोन दिवस घालवून रंगही मारून घेतला होता. शेरा एवढाच, की ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते.

"सर, तुम्ही फिजिक्स शिकवताय न्हवं? मग बघाच." असं म्हणून त्यानं मोकळा टेम्पो गल्लीच्या टोकापासून पळवत आणला आणि माझ्यासमोर कचकन ब्रेक मारला. डांबरावर काळे पट्टे उमटले, रबराचा वास सुटला, समोरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. "चारी चाकं जागच्या जागी जाम. अजून काय पायजे त्यास्नी?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. गॅरेजमध्ये, चहाच्या गाड्यावर, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतसुद्धा चांगल्या ब्रेकची हीच व्याख्या ऐकू येते: पाय ठेवला की चाक जाम. पण ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता. या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्यात त्या पोराचा टेम्पो अडकला होता.

आधी कागदाचं थोडक्यात. ज्याला आपण पासिंग म्हणतो, त्याचं सरकारी नाव योग्यता प्रमाणपत्र. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे ते नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणी वैध धरली जात नाही. असं वाहन ८ वर्षांचं होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. घरच्या मोटारीला किंवा दुचाकीला १५ वर्षं कोणी विचारत नाही, नंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, आणि तेव्हा गाडी दाखवावी लागते. तपासणीत दिवे, हॉर्न, वायपर, टायर, स्टिअरिंगचा खेळ, धूर, स्पीड गव्हर्नर असं बरंच काही असतं. त्यातल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतात. ब्रेक मात्र दिसत नाही, म्हणून माझा जीव त्याच्यातच अडकतो.

शाळेत घर्षण शिकताना एक नियम पाठ केलेला असतो: घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. फ्रान्समध्ये आमोंताँनं तो १६९९ मध्ये मांडला. रबर हा नियम काटेकोर पाळत नाही, पण आपल्या कामापुरता पाळतं. कोरड्या डांबरावर टायरची पकड चाकावरच्या भाराच्या साधारण ०.७ पट धरू.

आता त्या टेम्पोचं पुढचं उजवं चाक घ्या. टेम्पो मोकळा असताना त्या चाकावर २५० किलो भार आहे असं समजू. रस्ता त्याला जास्तीत जास्त १७५ किलोभाराच्या जोरानं मागं ओढू शकतो. ब्रेकनं याच्यापेक्षा थोडा जास्त जोर लावला की चाक जाम. समजा या चाकाचा ब्रेक अशक्त आहे आणि कितीही दाबला तरी १८० च देतो. मोकळ्या टेम्पोत तो चाक जाम करणार, पट्टा उमटणार, मालक खूश. मग टेम्पोत गुळाच्या ढेपा भरा. त्याच चाकावर आता ४०० किलो आले. रस्ता २८० पर्यंत ओढायला तयार आहे, पण ब्रेकच १८० वर अडून बसलाय. डावीकडचा धडधाकट ब्रेक मात्र २८० पुरते वापरतो. उरलेल्या १०० चा फरक गाडीला डावीकडं वळवतो. मोकळ्या टेम्पोनंही हेच केलं असतं, ब्रेक हळू दाबला असता तर. पण गल्लीत खेळ दाखवताना कोणी हळू दाबत नाही. थोडक्यात, मोकळ्या गाडीचं चाक जाम होणं यावरून एवढंच कळतं, की ब्रेकनं त्या क्षणीच्या पकडीवर मात केली. ती पकडच किरकोळ असेल तर मात करायला लागतं किती?

शिवाय जाम झालेलं चाक हे थांबण्याचं सगळ्यात वाईट साधन आहे. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक लागल्यावर त्या तळहातात काय होतं ते बघा. पुढच्या कडेनं रबराचा एकेक ठोकळा येऊन डांबराला चिकटतो. चाक गाडीपेक्षा किंचित सावकाश फिरत असल्यानं तो ठोकळा ताणला जातो. मागच्या कडेपर्यंत जाता जाता ताण इतका वाढतो, की तो निसटतो. चिकटणं, ताणणं, निसटणं, हे प्रत्येक फेऱ्यात चालू असतं. म्हणून ब्रेक मारलेलं चाक पूर्ण फिरतही नसतं आणि पूर्ण घसरतही नसतं. गाडीच्या वेगापेक्षा चाकाच्या परिघाचा वेग जितके टक्के कमी, तितकी स्लिप. स्लिप १० ते २० टक्क्यांच्या आसपास असताना पकड सर्वांत जास्त असते. तिथून पुढं ठोकळे चिकटण्याआधीच निसटू लागतात, आलेख खाली वळतो, आणि १०० टक्क्यांना चाक जाम. तिथं सरळ पकड कमी होतेच, आडवी पकड जवळजवळ संपते, कारण घसरणाऱ्या रबराचं सगळं घर्षण घसरण्याच्या उलट्या दिशेला खर्ची पडतं. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोरच जाते. एबीएस नावाचं ब्रेकमधलं यंत्र हेच टाळतं. चाक जाम होऊ लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदाला कित्येकदा. (इथपर्यंत वाचून डोकं जड झालं असेल तर एका परिच्छेदानंतर ड्रिल मशीन येतं, ते सोपं आहे.)

हे सगळं मोजायचं कसं? पूर्वापार पद्धत म्हणजे ट्रॅकवर गाडी पळवायची, निरीक्षकानं ब्रेक मारायला सांगायचं आणि बघायचं. ट्रॅक २५० मीटरचा हवा, हा मुद्दा आपल्याकडं उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रॅकवर निरीक्षकाची नजर हेच यंत्र. स्वयंचलित तपासणी केंद्रांत त्या जागी रोलर ब्रेक टेस्टर असतो. जमिनीत खड्डा, त्यात प्रत्येक चाकासाठी खरबरीत पृष्ठभागाच्या रुळांची एक जोडी, उसाच्या चरकासारखी, फक्त आडवी. गाडीची दोन चाकं दोन जोड्यांवर चढतात. मोटर रूळ फिरवते, रूळ चाकाला फिरवतात, ताशी ३ ते ५ किलोमीटरच्या गोगलगायी वेगानं. गाडी जागेवरच. मग ड्रायव्हर हळूहळू ब्रेक दाबतो.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत कोणालाही विचारा: हातातलं ड्रिल लोखंडात अडकलं की काय होतं? मनगट पिळवटतं. ड्रिलचा बिट फिरू शकत नाही, म्हणून मशीनचा धडच उलट्या बाजूला फिरू बघतो. न्यूटनचा तिसरा नियम मनगटाला जितका कळतो तितका पुस्तकातून कळत नाही. ब्रेक टेस्टरमध्ये नेमकं हेच मोजतात. रूळ फिरवणारी मोटर आणि तिचा गिअरबॉक्स घट्ट बसवलेला नसतो, तो अक्षाभोवती किंचित फिरू शकेल असा टांगलेला असतो. चाक ब्रेकमुळे अडलं की गिअरबॉक्स उलटा फिरू बघतो आणि त्याला जोडलेला दांडा एका लोड सेलवर टेकतो. लोड सेलमध्ये धातूच्या तुकड्यावर नागमोडी बारीक तार चिकटवलेली असते. दाबानं धातू अगदी किंचित वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो. तो बदल म्हणजेच त्या चाकाचा ब्रेक. दोन रुळांच्या मध्ये एक बारका तिसरा रूळ चाकाचा खरा वेग पाहत असतो. स्लिप ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेली की तो मोटर बंद करायला लावतो, नाहीतर रूळ टायर सोलून काढतील.

पडद्यावर दोन रेषा वर चढत जातात, डाव्या आणि उजव्या चाकाची. मी या रेषांच्या प्रेमात आहे. एक उशिरा चढायला लागली तर पिस्टन किंवा केबल अडकतेय. एक चढता चढता मध्येच आडवी झाली तर लायनिंगला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीला, तेल लागलंय. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रेष लाटेसारखी वरखाली झाली तर ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) गोल राहिलेला नाही, कधीतरी तापून वेडावाकडा झालाय. डॉक्टरनं ईसीजी वाचावा तसं.

सगळ्या चाकांचे जोर मिळवून गाडीच्या वजनानं भागले की ब्रेकची कार्यक्षमता. १७०० किलोच्या गाडीला ८५० किलोभार मिळाला तर ५० टक्के, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्यानं वेग कमी होणार. ताशी ६० वरून थांबायला २८ मीटर. कार्यक्षमता ३० टक्क्यांवर आली तर ४७ मीटर. दोन्हींत ड्रायव्हरला भान यायला लागणारा एक सेकंद, म्हणजे आणखी १७ मीटर, धरलेला नाही.

याच हिशेबानं गळीत हंगामात रस्त्यावर दिसणारं चित्र तपासा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. सगळी वरात २२ टनांची, आणि ब्रेक लागणाऱ्या चाकांवर भार समजा २ टन. पकड ०.६ धरली तर ओढायला जोर मिळतो १.२ टनांचा. ताशी २० च्या सावकाश वेगातही थांबायला जवळजवळ २९ मीटर. धडधाकट ब्रेकची मोटार त्याच वेगावरून ३ मीटरच्या आत थांबते. ड्रायव्हर कितीही निष्णात असो, टायर कितीही नवे असोत, २ टनांखालची पकड २२ टनांना यापेक्षा लवकर थांबवू शकत नाही.

तर आता यंत्रं आली, माणसाची नजर गेली, अपघात संपले, असं लिहिणारे लेख मी वाचलेत. तसं नाही. रोलरवरची चाचणी थंड ब्रेकची असते, सावकाश वेगातली असते, आणि बहुधा मोकळ्या गाडीची. मोकळं चाक लवकर घसरतं आणि चाचणी तिथंच आटोपते. घाटात काय होईल याबद्दल त्या आलेखात अक्षर नाही.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरणारा १६ टनांचा ट्रक घ्या. ५०० मीटर उंची उतरायची असं धरलं तर सोडायची ऊर्जा सुमारे ७८ मेगाज्यूल. त्यात ३० अंशांचं २६५ लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली, सगळे ड्रम मिळून २०० किलो बीडाचे (ओतीव लोखंडाचे) धरले आणि हवेनं काहीच नेलं नाही असं मानलं, तर ड्रम जवळजवळ ८०० अंशांनी तापतील. प्रत्यक्षात हवा बरंच नेते, पण त्याच्या निम्मं तापमानही पुरेसं घातक आहे. लायनिंगमधले घटक बांधून ठेवणारी राळ जळू लागते, तिचा वायू लायनिंग आणि ड्रमच्या मध्ये शिरतो, घर्षण पडतं. ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून लांब जातो, म्हणजे पाय आणखी खोल. छोट्या गाड्यांत तर ब्रेक ऑइलच उकळतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, ओल शोषलेल्या तेलाला तीच अट १४० ची. आपल्याकडचा पाऊस बघता हा फरक विसरून चालत नाही. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं.

आणि प्रत्येक घाटाला एक "तसलं" वळण असतं, जिथं म्हणे ब्रेक बांधले जातात, जिथं नारळ फोडल्याशिवाय पुढं जायचं नाही. ते वळण उताराच्या सुरुवातीला सहसा नसतं, शेवटाकडं असतं. भुताला वर राहायला काही हरकत नव्हती. पण ड्रम तापायला तेवढा घाट उतरावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ट्रकवाले सांगतात, त्यात ती ऊर्जा इंजिनाच्या वाटेनं बाहेर काढायची युक्ती आहे.

टेम्पोचं पुढं काय झालं? मेकॅनिकनं पुढचं उजवं चाक खोललं. कॅलिपरचा, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चिमट्याचा, पिस्टन गंजून अडकत होता. पिस्टन, रबराची सील आणि तेल बदललं, दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. पोरानं आनंदानं पेढे आणले आणि पुढच्या बंपरच्या वर, बरोबर डाव्या हेडलाइटच्या काचेसमोर, नवं लिंबू-मिरची टांगलं. रात्री दिवा लावला की समोरच्या भिंतीवर सात मिरच्यांची सावली पडायची. मी म्हटलं, "अरे, हेडलाइटचा झोतसुद्धा तपासतात. जरा बाजूला बांध." त्यानं ते नंबरप्लेटवर बांधलं. तिथून काढायला लावलं ते ट्रॅफिक पोलिसानं.