वारंवार येणारी भोवळ आणि मानसिक आरोग्य

शरीर स्थिर असताना आपण स्वतः किंवा भोवतालचे जग फिरत आहे, कलत आहे किंवा हेलकावत आहे असा जो भास होतो, त्याला भोवळ म्हणतात. भोवळ हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या विकारांचे लक्षण आहे. ती पुन्हापुन्हा येणाऱ्या व्यक्तींमध्ये चिंताविकार, पॅनिक अटॅक (एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके) आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. त्याचप्रमाणे आधीपासून चिंताविकार असलेल्यांना तोल जाण्याची, डोके हलके होण्याची किंवा गरगरण्याची तक्रार अधिक वेळा जाणवते. हा संबंध असा दोन्ही दिशांनी चालतो, आणि त्याचा पाया केवळ मनाच्या कल्पनेत नसून मेंदूच्या रचनेतही आहे.

बोली मराठीत ‘चक्कर’ हा एकच शब्द अनेक अनुभवांसाठी वापरला जातो. डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना झोकांडी जाणे, डोके पोकळ वाटणे, गरगरणे, इतकेच नव्हे तर शुद्ध हरपणे, हे सारे ‘चक्कर आली’ या दोन शब्दांत सामावते. ‘भोवळ’ आणि ‘घेरी’ हे शब्दही असेच सैलपणे वापरले जातात. निदानाच्या दृष्टीने मात्र हे अनुभव वेगवेगळे आहेत. अंधारी बहुधा रक्तदाब अचानक उतरल्याने येते, गरगरणे बहुधा आंतरकर्णातील किंवा मेंदूतील संतुलनसंस्थेच्या बिघाडामुळे होते, तर सतत हेलकावल्यासारखे वाटण्यात या संस्थेचा आणि मनःस्थितीचा वाटा अनेकदा एकत्र असतो. त्यामुळे रुग्णाला नेमके काय जाणवते, ते किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हे त्याच्याच शब्दांत शांतपणे ऐकून घेणे ही तपासणीची पहिली आणि बहुधा सर्वांत मोलाची पायरी ठरते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोवळ हा मेंदूत रक्त साचल्याचा परिणाम मानला जात असे. १८६१ मध्ये पॅरिसमधील वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी बहिरेपणा आणि कानातील आवाज यांच्यासह येणाऱ्या भोवळीचे मूळ आंतरकर्णात असल्याचे मांडले, आणि तिचा शोध कानाकडे वळला. त्यानंतर दहाच वर्षांत मनोविकारांच्या बाजूनेही याच लक्षणाकडे लक्ष गेले. मोकळ्या चौकात आल्यावर गरगरणाऱ्या रुग्णांचे वर्णन मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी १८७० मध्ये केले. १८७१ मध्ये बर्लिनमधील कार्ल वेस्टफाल यांनी अशाच स्थितीला ‘अगोराफोबिया’, म्हणजे मोकळ्या जागांचे भय, हे नाव दिले आणि तिच्यात गरगरण्यापेक्षा भीतीला प्राधान्य दिले. एकाच अनुभवाला एका वैद्याने चक्कर म्हणावे आणि दुसऱ्याने भय म्हणावे, ही घटना या विषयाचा पुढचा सारा प्रवास समजण्यास पुरेशी आहे. विसाव्या शतकात ही फूट रुंदावत गेली. संतुलनसंस्थेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले व कानाच्या चाचण्या अधिकाधिक काटेकोर झाल्या. पण त्या चाचण्यांत काही न सापडलेला रुग्ण आपोआप ‘मानसिक’ ठरू लागला. या दोन बाजू पुन्हा जोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९८६ मध्ये झाला. त्या वर्षी जर्मनीतील थॉमस ब्रांट आणि मारिआन डीटेरिख यांनी उभे राहताना व चालताना येणाऱ्या, भीतीशी निगडित अशा भोवळीचे स्वतंत्र वर्णन केले.

शरीर आणि मन यांचा दुवा

तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन वाटांनी आलेल्या माहितीची सांगड घालतो. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या गुरुत्वाकर्षण व सरळ रेषेतील हालचाल टिपतात, डोळे भोवतालाची स्थिती दाखवतात, आणि स्नायू व सांधे शरीराची ठेवण कळवतात. या तिन्ही साक्षी जुळत नाहीत तेव्हा भोवळ, मळमळ आणि घाम ही लक्षणे उमटतात. आंतरकर्णाकडून येणारे संदेश मस्तिष्कस्तंभातील ज्या केंद्रांत पोहोचतात, त्या केंद्रांचे धागे तिथल्याच पॅराब्रेकियल केंद्राशी जोडलेले असतात. हे केंद्र हृदयाचे ठोके, श्वास आणि पोटातील संवेदना यांची माहिती भीतीची जाणीव घडवणाऱ्या अमिग्डालाकडे पोहोचवते. सावधपणा राखणारे लोकस सेरुलिअस आणि सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन पुरवणारी राफे केंद्रेही संतुलनकेंद्रांवर परिणाम करतात. भोवळीच्या झटक्यात छाती धडधडणे, घशाशी येणे व ‘आता मी मरणार’ असे वाटणे हा रुग्णाचा भित्रेपणा नव्हे. पायाखालची जमीन सरकल्याची सूचना मिळताच धोक्याची घंटा वाजवणारी ही जुनी आणि उपयुक्त यंत्रणा असते.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच शरीरातून होतो. चिंतेत श्वास जलद व उथळ झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. भीती वाटत असताना माणूस नकळत पाय व मान ताठ धरतो, छोटी पावले टाकतो आणि एरवी आपोआप चालणाऱ्या तोलावर जाणीवपूर्वक पहारा ठेवतो. उंच कड्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीला ही ठेवण उपकारक असते. सपाट जमिनीवर ती महिनोन्महिने टिकली, तर साधे डोलणेही घसरल्यासारखे भासू लागते. त्यातच मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबू लागतो, आणि मग गर्दी, लांब रांगांतील वस्तू, सरकता पडदा किंवा वेगाने जाणारी वाहने पाहूनच गरगरू लागते.

प्रमुख विकार

जागा बदलल्यावर येणारी सौम्य भोवळ, म्हणजे बीपीपीव्ही, ही वारंवार भोवळीच्या सर्वांत सामान्य कारणांपैकी आहे. आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे मूळ जागेवरून सुटून नलिकेत शिरतात, आणि कूस बदलताच किंवा मान वर करताच एक मिनिटापेक्षा कमी काळ जग फिरते. जॉन एपली यांच्या नावाने ओळखली जाणारी डोके वळवण्याची युक्ती योग्य निदान झाल्यास काही मिनिटांत आराम देऊ शकते. तरीही अनेकांना नंतर काही काळ तरंगल्यासारखे वाटत राहते व झोपताना एकच कूस धरून राहण्याची सवय लागते. मेनिएर रोगातील झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकतो आणि त्यासोबत ऐकू येणे कमीजास्त होते. त्यात सर्वांत जाच होतो तो अनिश्चिततेचा, कारण पुढचा झटका कधी येईल हे सांगता येत नाही. वेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये, म्हणजे भोवळ आणणाऱ्या अर्धशिशीत, झटका ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकतो. मायग्रेन, चिंता व भोवळ ही तिन्ही एकाच व्यक्तीत इतक्या वेळा एकत्र दिसतात, की एक आढळल्यावर उरलेल्या दोहोंबद्दल विचारलेच पाहिजे.

या विषयाच्या केंद्रस्थानी असलेला विकार म्हणजे सतत टिकून राहणारी, शरीराच्या ठेवणीशी व दृष्टीशी निगडित अशी चक्कर, म्हणजेच ट्रिपल-पीडी. तिचे निकष बारानी सोसायटी या संतुलनविकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, हेलकावणे किंवा डळमळणे जाणवणे, आणि उभे राहिल्याने, हालचालीने किंवा गुंतागुंतीच्या दृश्यांनी ते वाढणे, हे तिचे स्वरूप आहे. तिची सुरुवात अनेकदा बीपीपीव्ही, संतुलनाच्या नसेचा दाह, मायग्रेन किंवा पॅनिक अटॅक यांपैकी एखाद्या घटनेने होते. मूळ घटना संपते, पण आणीबाणीसाठी अंगिकारलेली ठेवण मागे उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विकार मानसिक आजारांच्या नव्हे, तर कानाच्या आजारांच्या प्रकरणात ठेवला आहे. चाचण्या निर्दोष आल्या म्हणून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परतलेल्या असंख्य रुग्णांच्या दृष्टीने ही नोंद फार महत्त्वाची आहे.

संतुलनाच्या नसेचा दाह झाल्यानंतर कोणाची चक्कर रेंगाळेल, याचा अंदाज कानाची हानी किती झाली यापेक्षा सुरुवातीच्या दिवसांत रुग्ण किती घाबरला होता आणि शरीराकडे किती बारीक लक्ष ठेवून होता, यावरून अधिक चांगला बांधता येतो असे अभ्यासांत दिसले आहे. याचा अर्थ रुग्णाने आजार ओढवून घेतला असा मुळीच नाही. हानी झालेल्या संस्थेशी मेंदू हालचालीतूनच जुळवून घेतो. भीतीमुळे हालचाल थांबली की हे जुळवून घेणे अर्धवट राहते, चक्कर टिकते, आणि टिकलेली चक्कर भीती खरी ठरवते. पुढे एकटे बाहेर पडणे, वाहन चालवणे, जिने चढणे एकेक करून सुटत जाते, कामावरची उपस्थिती घटते, आणि या आकसलेल्या दिनक्रमातून नैराश्य येते. काहींना आपण स्वतःपासून किंवा जगापासून तुटल्यासारखे, सारे स्वप्नवत वाटते. वेड लागते आहे की काय या धास्तीने ते हे लक्षण कोणालाही सांगत नाहीत, म्हणून तपासणाऱ्यानेच त्याबद्दल विचारावे लागते.

तपासणी आणि उपचार

अचानक आलेल्या भोवळीबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, तीव्र डोकेदुखी किंवा आधाराशिवाय उभेही राहता न येणे, यांपैकी काहीही असल्यास पक्षाघाताची शक्यता धरून तातडीने रुग्णालय गाठावे. अशा वेळी मानसिक कारणाचा विचार दूर ठेवावा. इतर प्रसंगी कानाच्या तपासणीबरोबरच मनःस्थितीची तपासणी पहिल्या भेटीपासून व्हावी. सर्व चाचण्या संपल्यावर उरलेले कारण म्हणून ती शेवटी पुढे आणल्यास रुग्णाला ती हेटाळणी वाटते. चक्करेमुळे दैनंदिन जीवनात येणारी अडचण मोजण्यासाठी १९९० पासून वापरात असलेल्या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत शारीरिक व व्यावहारिक प्रश्नांच्या बरोबरीने भावनिक प्रश्नही आहेत.

उपचारांचा कणा म्हणजे संतुलनाचे व्यायाम. कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात ते रचले, आणि चक्कर येणाऱ्या हालचाली टाळण्याऐवजी त्या थोड्याथोड्या प्रमाणात मुद्दाम करणे हे त्यांचे तत्त्व आजही कायम आहे. भीतीवरील मानसोपचारातही टाळलेल्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे असते. हे साम्य वरवरचे नाही, कारण दोन्हीकडे मेंदूला धोका टळल्याचा अनुभव पुन्हापुन्हा द्यावा लागतो. विचार व वागण्याच्या सवयी बदलणारा मानसोपचार, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, या व्यायामांना जोडल्यास उपयोगी ठरते, विशेषतः ती लवकर सुरू केल्यास. सेरोटोनिनवर काम करणारी औषधे ट्रिपल-पीडीमध्ये वापरली जातात. ती अल्प मात्रेपासून सावकाश वाढवावी लागतात, कारण सुरुवातीला ती स्वतःच चक्कर आणू शकतात. ती एकाएकी बंद केल्यासही चक्कर येते, आणि मूळ आजारच पुन्हा उलटला असे समजले जाण्याचा धोका असतो. भोवळ दाबणाऱ्या गोळ्या व बेन्झोडायझेपिन गटातील शामक औषधे झटक्याच्या पहिल्या काही दिवसांपुरती ठीक आहेत. महिनोन्महिने घेतल्यास मेंदूचे जुळवून घेणे मंदावते, आणि वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो.