मार्केटप्लेसने कर कापला म्हणजे कर भरला? नाही!
"मार्केटप्लेसवाले कापून घेतात, मग आपण काय भरायचं?" सॉफ्टवेअर विकणारी नवी मंडळी हे छातीठोकपणे सांगतात. साफ चुकीचं आहे.

समजा, भारतातल्या क्लाउड मार्केटप्लेसवर (सॉफ्टवेअर विकण्याच्या ऑनलाइन बाजारात) तुम्ही १०,००० रुपयांचं सबस्क्रिप्शन विकलंत. ग्राहकाने १८ टक्के जीएसटीसह ११,८०० मोजले. ३ टक्के कमिशन धरलं तर त्यावरच्या जीएसटीसकट ३५४ गेले. टीसीएस (मार्केटप्लेस तुमच्या नावावर आधीच कापून सरकारकडे भरतं तो जीएसटी) ०.५ टक्का, म्हणजे ५०. आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे १०. खात्यात जमा ११,३८६.

यातले जीएसटीचे पैसे तुमचे नाहीतच! १,८०० मधून कमिशनवर तुम्ही दिलेल्या ५४ रुपये जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) आणि टीसीएसचे ५० वजा जाता १,६९६ तुम्हालाच भरायचेत. तो टीसीएसही जीएसटी पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरला, म्हणजे कर भरायच्या तुमच्या पोर्टलवरच्या खात्यात, येत नाही. कृपा करून दर महिन्याला बघा. आणि उलाढाल १०,०००च दाखवायची, हाती आलेली रक्कम नव्हे.